फाटकावरचा दिवा

छत्तीस वर्षं मी बडोद्याचे मीटर वाचले.
दांडिया बाजार, रावपुरा, शेवटी शेवटी निझामपुरा.
माणसं काय सांगायची ते सांगोत,
चाक किती फिरलं त्यावरून मला कळायचं
कुणाकडे फ्रिज आला, कुणाचा पोरगा परदेशी गेला,
कुणी अख्खा मे महिना पंखा एकावर ठेवून काढला.

म्हणून उपेन्दो किमारो वरच्या खोलीतून
सतरा पानांचा फॉर्म घेऊन खाली आली,
युनिव्हर्सिटी, संख्याशास्त्र, दोन देशांचं राहणीमान,
तिकडचं मोशी, इकडचं बडोदा, दीडशे-दीडशे घरं,
तेव्हा म्हटलं, विचार बाई,
हा तर माझाच धंदा.

फरशी कसली? मोझॅक.
स्वयंपाक कशावर? गॅस, पाइपचा.
पाणी किती लांब? नळ घरात. सकाळी चाळीस मिनिटं.
तिच्या आईचा नळ अंगणात, पण दिवसभर.
मग जिंकलं कोण?
तिने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.

वीज म्हणताच मी सरसावून बसलो.
तिच्याकडे मीटर आधी पैसे मागतो,
वीस आकडे दाबायचे, मग दिवा.
संपत आली की टीं टीं करतो
आणि आई ओरडते, इस्त्री बंद करा कुणीतरी.
वाचायला माणूस येत नाही?
नाही, म्हणाली.
माझी छत्तीस वर्षं कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखं झालं.

हिशेबाला ते लोक हेसाबु म्हणतात.
दुकानाला दुका. चहाला चाय.
हे ऐकून कालिंदी पिठाच्या हातांनी बाहेर आली,
"मग अडलंय कुठे? निम्मं तर जमलंच की."

पान अकरा. एक शिडी काढलेली.
आयुष्याच्या दहा पायऱ्या, तुम्ही कितव्या?

मला आमचाच जिना आठवला.
त्या ऑगस्टात विश्वामित्री न विचारता घरात शिरली.
पहिली, दुसरी, मी टॉर्च धरून मोजत होतो,
जुनी सवय.
चौथी बुडाली तेव्हा कालिंदी म्हणाली, पुरे, वर चला.
वर म्हणजे हिच्या खोलीत.
दोन रात्री. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कोबी, मीठ.
खाली माझा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता,
मागच्या सोसायटीत मगर दिसल्याची बातमी होती,
आणि गादी आम्हाला देऊन ही मुलगी
पुस्तकांच्या खोक्यावर बसून पेंगत होती.

त्या रात्री कुणाची कितवी पायरी धरायची?

सतरा पानांत एक प्रश्न नव्हता,
डिपॉझिट किती महिन्यांचं घेतलंत.
आधीचा भाडेकरू आणंदचा, त्याच्याकडून एक.
हिच्याकडून तीन.
तिने का म्हणून विचारलं नाही.
चार घरांनी दार अर्धंच उघडलं होतं,
माझं निदान पूर्ण उघडलं,
असं मी स्वतःला सांगत आलो.
मीटरमध्ये फेरफार करणारेही पकडल्यावर
असंच काहीसं सांगायचे.

सहा लिही, मी म्हटलं.
आतून कालिंदी, माझी आठ. थांब, गुडघे धरून सात.
आणि तुझी गं?
पेन्सिल थांबली.
"दिवसाची सांगू काका,
की रात्री लायब्ररीतून परत येतानाची?"

चौकोन एकच होता.

दोन महिन्यांचे पैसे मी पाकिटात घालून ठेवलेत,
टीव्हीखाली, मंगळवारपासून.
जिना चढायचा म्हटलं की गुडघे मलाही आठवतात.
फाटकावरचा दिवा मात्र आता
अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत असतो.
नऊ वॉटचा. महिन्याला तीन युनिटं,
माझ्या मीटरवर.